पुदिन्याचं कुळ: सुगंधी पानं लावायची कशी, खुडायची कशी, वापरायची कशी

पुदिन्याची एखादी काडी दोन बोटांत धरून हळूच फिरवा. ती सरसर फिरत नाही, कडा बोटांना लागतात. खोड चौकोनी आहे. आता पानं बघा. एका पेरावर समोरासमोर दोन, वरच्या पेरावर पुन्हा दोन, पण काटकोनात वळलेली. वरून पाहिलं की पानांची फुली दिसते. बेसिल, ओरेगानो, थाइम, मरवा, सेज, रोझमेरी, लेमन बाम या सगळ्यांची बांधणी हीच. थाइम किंवा रोझमेरीची जून फांदी गोल होत जाते, म्हणून त्यांचा कोवळा शेंडा तपासायचा. फुलं आली असतील तर आणखी एक खूण मिळते: या कुळातल्या बहुतेकांच्या फुलाच्या नळीला वर आणि खाली असे दोन ओठ असतात.

या कुळाचं शास्त्रीय नाव लॅमिएसी. जगभरात त्याच्या सुमारे ७,००० जाती आहेत. त्यातल्या स्वयंपाकात येतात त्या मूठभरच, आणि नवख्या माणसाला त्यातल्याही तीन-चार पुरतात. हा लेख त्यांच्यापुरताच आहे. औषधी गुणांच्या याद्या इथे नाहीत.

एक सावधगिरी सुरुवातीलाच. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि उग्र वास या तिन्ही खुणा घाणेरीतही असतात. ती वेगळ्या कुळातली आहे आणि विषारी आहे. तेव्हा रानात दिसलेलं अनोळखी झुडूप केवळ या खुणांवरून तोंडात घालू नका. उलट बाजूने, वासाचं प्रत्येक हिरवं पान या कुळातलं नसतं. कोथिंबीर, शेपू आणि पार्सली गाजराच्या कुळातल्या. त्यांची वाढ, काढणी, साठवण सगळंच निराळं, म्हणून इथल्या सूचना त्यांना लावू नयेत.

वास असतो कुठे

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग मिळालं तर पुदिन्याचं किंवा ओरेगानोचं पान उलटं करून उजेडात बघा. पानाच्या पाठीवर बारीक, चमकदार, पिवळसर ठिपके दिसतील. या तैलग्रंथी. पानाच्या अगदी वरच्या पातळ पापुद्र्याखाली तेलाचा इवलासा थेंब साठलेला असतो. पान चोळलं की पापुद्रा फाटतो, तेल हवेला लागतं आणि वास येतो.

एवढं डोक्यात ठेवलं की पुढच्या निम्म्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. तेल पृष्ठभागावर आहे, म्हणून पानं हाताळताना दामटायची नाहीत. ते उडून जाणारं आहे, म्हणून कडक उन्हात वाळवायचं नाही आणि नाजूक पान तासभर उकळायचं नाही. आणि ते पाण्यापेक्षा तुपा-तेलात जास्त चांगलं उतरतं, म्हणून स्वयंपाकात स्निग्ध पदार्थाशी गाठ घालून द्यायची.

पहिली पायरी: रोप कोणत्या गटातलं ते ठरवा

माझ्या मते नवख्याने शिकायची सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती सांगितलीच जात नाही. सगळ्या ‘हर्ब्ज’ना एकच नियम लावला जातो आणि मग निम्मी रोपं कुजतात, निम्मी सुकतात.

या कुळातली स्वयंपाकाची रोपं ढोबळमानाने दोन गटांत पडतात. पहिला गट मऊ पानांचा: पुदिना, बेसिल, लिंबाच्या वासाचा लेमन बाम, जपानी स्वयंपाकातला शिसो. पानं रुंद, पातळ, रसदार. यांना पाणी हवं, बऱ्यापैकी कसदार माती हवी. वाढ झपाट्याने होते आणि मरगळही तितक्याच झपाट्याने येते.

दुसरा गट कडक पानांचा: थाइम, ओरेगानो, सेज, रोझमेरी, सॅव्हरी. ही मूळची बहुतेक भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, दगडाळ उतारांवरची. रोझमेरीचं एक पान उलटं करून बघा. दोन्ही कडा खालच्या बाजूला मुडपलेल्या असतात आणि मधल्या पन्हाळीत पांढरी लव दाटलेली असते. पानातलं पाणी उडू नये यासाठी केलेली ही तजवीज आहे. ज्या रोपाने पाणी वाचवायची एवढी तयारी केली आहे, त्याला रोज तांब्याभर पाणी घालणं म्हणजे त्याची मुळं कुजवणं.

मरवा मधला. पान मऊ, स्वाद ओरेगानोचाच पण सौम्य आणि गोडसर, पाणी बेताचं.

दुसरी पायरी: तीन रोपं निवडा, दहा नकोत

पहिल्या खेपेला पुदिना, बेसिल आणि ओरेगानो किंवा थाइम यांपैकी एक, एवढीच रोपं घ्या. दोन्ही गट हाताखालून जातात आणि लक्षही ठेवता येतं. रोझमेरी मोहात पाडते, पण ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. तिचं बिनसलेलं लवकर दिसत नाही. बेसिल तहानलं की मान टाकतं आणि पाणी मिळालं की तासा-दोन तासांत उभं राहतं. रोझमेरी तशी कोमेजून दाखवत नाही. पानांची तकाकी जाते, ती हात लावताच झडू लागतात, आणि ते लक्षात येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

रोप घेताना एक पान चोळून वास घ्याच. ओरेगानोच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. एकाच जातीच्या रोपांमध्ये एखादं जिभेला झोंबणारं निघतं, तर एखादं नुसतं गवतासारखं. स्वयंपाकासाठी ग्रीक ओरेगानो नावाने मिळणारा उपप्रकार सहसा दमदार असतो. कारव्हाक्रोल नावाचं द्रव्य त्याला ती झोंब देतं. थाइममध्ये त्याचं जुळं भावंड थायमॉल असतं. ओव्यातही थायमॉलच असतं, म्हणून थाइम पहिल्यांदा हुंगणाऱ्याला ओव्याची आठवण होते. कुळं मात्र दोघांची वेगळी.

ओरेगानोच्या नावाखाली आणखीही काय काय खपतं. मेक्सिकन ओरेगानो या कुळातला नाहीच, तो घाणेरीच्या कुळातला, पण खाण्याजोगा. जाड, मांसल, लवदार पानांचा पानओवा मात्र पुदिन्याच्याच कुळातला आहे. उष्ण हवेत ग्रीक ओरेगानो कुरकुरत असेल तर पानओवा बिनतक्रार वाढतो. त्याची पानं ताजीच वापरायची. इतकी रसदार असतात की वाळवायला गेलं तर बुरशी आधी येते.

पुदिन्यातही पोटभेद आहेत. स्वयंपाकात साधारणपणे वापरतात तो स्पिअरमिंट. त्याचा वास कारव्होन या द्रव्याचा. गंमत अशी की शहाजिऱ्याचा वासही कारव्होनचाच, फक्त त्या रेणूची रचना आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी. नाकाला मात्र दोन्ही साफ वेगळे वाटतात. पेपरमिंट हा पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा संकर आहे आणि तो वांझ आहे. त्यामुळे पेपरमिंटच्या बियांचं पाकीट कुणी देऊ केलं तर घेऊ नका. त्यातून काय उगवेल ते सांगता येत नाही, पण पेपरमिंट नक्की नसेल. तो काडीनेच वाढवायचा.

बियांपासून सुरुवात करायची हौस असेल तर बेसिल घ्या. २० ते २५ अंश सेल्सिअसला ते आठवडा-दहा दिवसांत उगवतं. भिजवल्यावर बियांभोवती बुळबुळीत आवरण येतं, ते तसंच असू द्या. थाइम आणि ओरेगानोचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते मातीवर भुरभुरवून हलकेच दाबायचं, वर मातीचा थर द्यायचा नाही. रोझमेरीचं बी मंद आणि बेभरवशाचं असतं, त्याच्या नादी लागू नका.

दाट बेसिलची तयार कुंडी मिळाली तर ती एक रोप नसतं. विकताना भरगच्च दिसावं म्हणून दहा-वीस रोपं एकत्र वाढवलेली असतात. तशीच ठेवली तर काही आठवड्यांत एकमेकांचा गळा घोटतात. कुंडीला पाणी द्या, गड्डा बाहेर काढा, हलक्या हाताने तीन-चार भाग करा आणि वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. थोडी मुळं तुटतात, दोन दिवस माना पडतात, मग रोपं सावरतात.

तिसरी पायरी: कुंडी, माती, ऊन

भोक नसलेली कुंडी कितीही सुंदर असली तरी घ्यायची नाही.

मऊ गटासाठी बागेची माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडं कोकोपीट असं मिश्रण चालतं. कडक गटासाठी खत कमी आणि निचरा जास्त: मातीच्या जवळपास निम्मी जाडसर वाळू, बारीक खडी किंवा परलाइट (कुंडीच्या मातीत मिसळायचे हलके, पांढरे खडे). मूठभर ओलं मिश्रण हातात दाबून सोडलं की ते भुसभुशीत सुटायला हवं. चिखलाचा गोळा झाला तर अजून वाळू घाला. कडक गटाला भरपूर नत्र देऊ नका. पानं मोठी, लुसलुशीत होतात, आणि वास पातळ होतो.

पुदिना नेहमी एकटा. तो जमिनीखालून आडवी खोडं सोडत पसरतो आणि शेजाऱ्याची जागा बळकावतो. पंचवीस-तीस सेंटिमीटर रुंद, पसरट कुंडी त्याला सोयीची. जमिनीतच लावायचा असेल तर बूड कापलेली बादली पुरून तिच्यात लावा आणि बादलीची कड मातीच्या दोन बोटं वर राहू द्या, नाहीतर तो वरून उडी मारतो.

थाइम आणि ओरेगानो एका कुंडीत सुखाने राहतात. बेसिल आणि रोझमेरी एकत्र लावलेली शोभेची कुंडी मात्र बघायलाच बरी. एकाच्या पाण्यावर दुसरं मरतं.

ऊन रोज सहा तास थेट मिळालं तर उत्तम. पुदिना आणि लेमन बाम अर्धवट सावलीतही चांगले चालतात. दुपारचं ऊन फार करपवणारं असेल तर त्यांना सावलीच बरी. खिडकीतलं एकाच बाजूने येणारं ऊन असेल तर कुंडी दर दोन-तीन दिवसांनी थोडी फिरवत राहा. बेसिलला थंडी सोसत नाही. रात्रीचं तापमान १० अंशांच्या आसपास घसरायला लागलं की पानांवर काळे डाग पडतात, आणि दहिवर गोठलं तर रोप गेलंच म्हणून समजा.

चौथी पायरी: पाणी

वेळापत्रक नको, बोट वापरा. मऊ गटात वरचा दोन सेंटिमीटर थर कोरडा लागला की पाणी. कडक गटात कुंडी उचलून बघायची. ती हलकी लागली आणि माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत कोरडी असली तरच. पाणी द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्यायचं आणि ताटलीत साठलेलं ओतून टाकायचं. रोज घोटभर शिंपडलेलं पाणी वरची मुळं लाडावतं आणि खालची उपाशी ठेवतं.

पाणी सकाळी, मातीत, पानांवर नको. रात्रभर ओली राहिलेली बेसिलची पानं म्हणजे केवडा या बुरशीसारख्या रोगाला आमंत्रण.

पाचवी पायरी: खुडणं

नवख्यांची बेसिलची रोपं दोन फूट उंच, काटकुळी आणि टोकाला चार पानं अशी का होतात? कारण ती खालून खुडली जातात. खालची मोठी पानं तोडायला सोपी, दिसायला भरदार, आणि शेंडा ‘वाढू दे’ म्हणून राखून ठेवला जातो. नेमकं उलटं करायला हवं. खालची मोठी पानं रोपाला पोसत असतात. आणि शेंडा ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवून बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतो.

बेसिलच्या रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की खालून दुसऱ्या जोडीच्या किंचित वर शेंडा कापा. कापण्याआधी त्या जोडीच्या बेचक्यात नीट बघा. पानाचा देठ आणि खोड यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना मोहरीएवढे हिरवे कोंब बसलेले दिसतील. ते शाबूत ठेवून त्यांच्या पाव इंच वर काप घ्यायचा. आठवडाभरात दोन्ही कोंब फांद्या होतात. त्या फांद्यांना दोन-तीन जोड्या आल्या की त्यांचेही शेंडे असेच कापा. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. रोप उंच होण्याऐवजी घुमटासारखं गच्च होतं, आणि कापलेला प्रत्येक शेंडा तुमच्या पातेल्यात जातो. म्हणजे रोप राखणं आणि पानं काढणं ही दोन कामं नाहीतच.

पुदिना, लेमन बाम, मरवा, ओरेगानो यांनाही हाच न्याय. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त हिरवा भाग काढायचा नाही. पुदिना मात्र अपवाद. रापलेला, जून झाला की त्याला जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटरवर सरसकट कापा, पाणी द्या. पुन्हा कोवळा फुटून येतो.

सेज, थाइम आणि रोझमेरी यांना कापताना एक मर्यादा पाळावी लागते. यांच्या फांद्या बुडाकडे लाकडासारख्या होतात आणि त्या तपकिरी, बिनपानांच्या भागातून नवे फुटवे येण्याची खात्री नसते. काप नेहमी हिरव्या, पानं असलेल्या भागातच घ्या. वर्षानुवर्षं न छाटलेली रोझमेरी नंतर एकदम जोरात छाटली की ती तशीच खुंट होऊन उभी राहते.

बेसिलला मंजिरी दिसली की खुडा. फुलावर आलेलं रोप नवी पानं करायचं आवरतं घेतं, आहेत ती राठ होतात. ओरेगानो आणि थाइमचं वेगळं आहे. त्यांच्या कळ्या दिसायला लागतात त्या सुमाराला स्वाद भरात असतो, म्हणून वाळवणीसाठी मोठी कापणी तेव्हाच करावी. थोडी फुलं मधमाश्यांसाठी राहू दिली तरी काही बिघडत नाही. पाकळ्या खाताही येतात.

कापायला कात्री किंवा धारदार नखं. ओढून तोडलं तर साल सोलून निघते.

सहावी पायरी: एकाची चार रोपं

फुलावर न आलेला, आठ-दहा सेंटिमीटरचा निरोगी शेंडा घ्या. पेराच्या लगेच खाली काप द्या, कारण मुळं तिथूनच आधी फुटतात. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढून टाका. पुदिना आणि बेसिल ग्लासभर पाण्यात, उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवले की एक-दोन आठवड्यांत मुळं धरतात. पाणी एक दिवसाआड बदला, पाण्यात पान बुडू देऊ नका. मुळं दोन-तीन सेंटिमीटर झाली की लगेच मातीत हलवा. पाण्यात फार दिवस रमलेल्या मुळांना माती जड जाते.

रोझमेरी आणि सेजला ओलसर वाळू व कोकोपीटमध्ये लावा, वर पारदर्शक पिशवी सैल घाला आणि चार ते आठ आठवडे धीर धरा. मधेच उपटून मुळं आली का ते बघण्याचा मोह आवरा. शेंड्याला नवी पालवी दिसली की खाली मुळं धरलीत असं समजायला हरकत नाही. थाइमसाठी याहून सोपा मार्ग आहे: दाब कलम. लोळणारी फांदी मातीला टेकवा, मधल्या भागावर मूठभर माती आणि एक खडा ठेवा. मुळं धरली की कापून वेगळी करा.

काही बिनसलं तर

मावा किंवा पांढरी माशी दिसली तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची पाठ धुवा, दोन-तीन दिवसांनी परत. ही पानं तुम्ही खाणार आहात, त्यामुळे फवारणीच्या बाटल्यांकडे हात जाण्याआधी विचार करा. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि पाठीवर तलम जाळं म्हणजे कोळी नावाची बारीक कीड. तो कोरड्या, गरम हवेत फोफावतो आणि तिथेही धुणंच उपयोगी पडतं.

पुदिन्याच्या पानाखाली केशरी-तपकिरी पुटकुळ्या आल्या तर तो तांबेरा. बाधित खोडं बुडापासून कापून फेकून द्या, खतात टाकू नका. बेसिलची पानं शिरांच्या मध्ये पट्ट्यांनी पिवळी पडली आणि पाठीवर करडी-जांभळट बुरशी दिसली तर तो केवडा. अनेक जण खत कमी पडलं समजून खत घालत बसतात. हे रोप बरं होत नाही. चांगली पानं काढून घ्या आणि रोप टाकून द्या.

सातवी पायरी: काढणी आणि साठवण

दव उडून गेल्यावर, ऊन तापायच्या आत काढा.

ताजी पानं ठेवताना पुन्हा दोन गट आठवा. पुदिन्याच्या काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या करून, वर सैल पिशवी घालून फ्रीजमध्ये ठेवल्या तर आठवडाभर टवटवीत राहतात. बेसिलही पेल्यातच, पण फ्रीजबाहेर, कारण फ्रीजच्या गारठ्याने ते काळं पडतं. थाइम, रोझमेरी, सेज, ओरेगानो किंचित ओलसर कागदात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये. धुवायचं वापरण्याच्या वेळी. धुऊन ठेवायचंच असेल तर पुसून खडखडीत कोरडं करून.

वाळवणीसाठी कडक गट उत्तम. छोट्या, सैल जुड्या बांधा, सावलीत आणि वारा खेळेल अशा जागी उलट्या टांगा. यंत्र असेल तर ३५ ते ४० अंश पुरे, घाई म्हणून वाढवू नका. पान चुरताना कुरकुर आवाज आला आणि काडी वाकण्याऐवजी मोडली की झालं. पानं अख्खीच बरणीत भरा, चुरा वापरताना करा, कारण चुरलं की त्या तैलग्रंथी फुटतात आणि बरणी उघडाल तेव्हा स्वाद उडत राहतो. भरल्यावर दोन-तीन दिवसांनी बरणी उजेडात धरून काचेच्या आतल्या बाजूला दमटपणा आहे का ते बघा. असेल तर सगळं बाहेर काढून पुन्हा वाळवा. उजेड आणि उष्णता टाळली तर वर्षभर काम भागतं. चुलीच्या वरचं फडताळ दिसायला सोयीचं, पण या बरण्यांना सर्वांत वाईट.

बेसिल वाळवून मला तरी कधी समाधान मिळत नाही, त्याची गोडसर लवंगी छटा निघून जाते आणि सुकलेल्या गवताची चव उरते. ते बारीक वाटून थोड्या तेलात कालवा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. हिरवा रंग टिकवायचा असेल तर वाटण्याआधी पानं उकळत्या पाण्यात पाच-दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. पानं काळी पाडणारं विकर (एन्झाइम) त्याने निकामी होतं.

आठवी पायरी: पातेल्यात

मऊ पानं शेवटी, कडक पानं आधी. रोझमेरी, थाइम, सेज यांचा स्वाद मंद आचेवर सुटत जातो, तेव्हा ती सुरुवातीच्या तेलातच पडू द्या. पुदिना आणि बेसिल आच बंद करून, वाढण्याच्या अगदी आधी. ओरेगानो दोन्हीकडे चालतो: वाळलेला आधी, ताजा नंतर.

हे वाचून पटणार नाही, म्हणून उकडलेल्या बटाट्यावर करून बघा. बटाट्याला स्वतःची ठसठशीत चव नसल्यामुळे तो चांगला परीक्षक आहे. चमचाभर लोणी मंद आचेवर वितळवून त्यात चिमूटभर थाइम अर्धा मिनिट परतून ते एका फोडीवर घाला. दुसऱ्या फोडीवर साधं वितळलेलं लोणी आणि तितकाच थाइम वरून भुरभुरवा. पहिल्यात स्वाद फोडभर पसरलेला लागेल, दुसऱ्यात मधूनच टोचेल. मग हाच प्रयोग बेसिलवर करा. तिथे निकाल उलटा लागतो: परतलेलं मलूल, वरून घातलेलं ताजंतवानं.

सेजचं कच्चं पान कडवट आणि लवेमुळे जिभेला खरखरीत लागतं. पण तेच गरम लोण्यात किंवा तेलात सोडा. भोवती बुडबुडे उठतात, पानातलं पाणी निघून जात असतं. पंधरा-वीस सेकंदांत बुडबुडे मंदावले की काढा. पान कुरकुरीत होतं, कडवटपणा जवळपास जातो, आणि उरलेलं लोणीही वाया जात नाही.

प्रमाणाचा ढोबळ हिशोब: एक चमचा वाळलेलं म्हणजे तीन चमचे ताजं. रोझमेरीला हात आखडता. चार माणसांच्या भांड्यात बोटभर एक डहाळी पुष्कळ, आणि वाढण्याआधी ती काढून टाका. पानं घालायची असतील तर अगदी बारीक चिरून. बेसिल चिरताना सुरी धारदार हवी आणि पान एकदाच कापलं जायला हवं. बोथट सुरीने रगडलेल्या कडा पाच मिनिटांत काळ्या होतात. हाताने फाडलं तरी उत्तम.

पेपरमिंट खाल्ल्यावर तोंड गार पडतं, पण तापमान काही उतरत नाही. त्यातलं मेंथॉल थंडी जाणवून देणाऱ्या चेतातंतूंची टीआरपीएम८ नावाची कळ दाबतं. ही कळ शोधताना मेंथॉलच वापरलं होतं, आणि तापमान व स्पर्श यांच्या संवेदकांच्या शोधासाठी २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलिअस आणि आर्डेम पाटापूटियन यांना मिळालं. स्पिअरमिंटमध्ये मेंथॉल अगदी कमी, म्हणून तिखट-आंबट जेवणात तो खपून जातो आणि पेपरमिंट घातला की पदार्थाला टूथपेस्टची आठवण येते. पेपरमिंट गोडासाठी आणि चहासाठी ठेवा.

जपायच्या गोष्टी

पानं तेलात बुडवून बाटली फडताळात ठेवायची पद्धत दिसायला सुरेख, पण धोक्याची. तेलाखाली हवा नसते आणि ताज्या पानात ओल असते. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू अशाच जागी विष तयार करतात, आणि ते वासाने किंवा चवीने कळत नाही. असं तेल थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा किंवा गोठवा.

बाटलीतलं सुगंधी तेल म्हणजे पान नव्हे. त्यात कित्येक मुठी पानांचा अर्क थेंबाथेंबात असतो, ते पोटात घ्यायचं नाही. पेनीरॉयल नावाचा पुदिन्याचा प्रकार तर स्वयंपाकात आणूच नका. त्यातलं पुलेगोन यकृताला विषारी आहे. सेजमध्ये थुजोन असतं. पदार्थातल्या चार पानांनी काही होत नाही, पण सेजचे कडक काढे रोज पिणं टाळावं, आणि गरोदरपणात तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

पुढच्या हंगामाची तयारी म्हणून एवढं करा. पुदिन्याचा गड्डा वर्षातून एकदा बाहेर काढा, वेटोळी झालेली जुनी खोडं फेका आणि कडेचे ताजे तुकडे नव्या मातीत लावा. बेसिल दर हंगामाला नवं. थाइम तीन-चार वर्षांत बुडाशी लाकडासारखं होऊन मधून उघडं पडतं, तेव्हा त्याची दाब कलमं त्याआधीच धरून ठेवा.